पानावरची पांढरी चौकट

“सर, याहून अलीकडचा फोटो नाही का?” टापरेनं विचारलं.

मी मान हलवली. पाकिटात तो एकच होता. ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डासाठी काढलेला, आठ वर्षांपूर्वीचा. त्यात द्वारकेचे केस अर्धे काळे होते आणि फोटोग्राफरनं ‘जरा हसा’ म्हटल्यामुळे ती रागावल्यासारखी दिसत होती.

“चालेल. चेहरा ओळखू येते. नेसलं काय होतं?”

“निळं पातळ. फिकट निळं. स्वेटर नाही. स्वेटर खुंटीवरच आहे.”

“पायात?”

मला आठवेना. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि ती पायात काय घालते ते मला सांगता येईना. टापरेनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

“घरून किती वाजता निघाल्या?”

“नऊला असेल. मी आतल्या खोलीत वाचत होतो. दार वाजलं ते ऐकलं मी. दूधवाला असेल असं वाटलं.”

“आजार काही? लिहावं लागते सर.”

दोन वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. बंगळुरूच्या मुलीलासुद्धा अर्धीच सांगितली होती.

“विसरते,” मी म्हणालो.

“म्हणजे? काय विसरतात?”

“घर.”

टापरेची बोटं कळफलकावर थांबली. मग त्यानं ते टाइप केलं.

तो डिसेंबर महिना होता, दोन हजार चौदा सालचा. आमचं गाव वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव. तहसिलीच्या मागे झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत प्रफुल्ल टापरे एकटा बसून ‘गावशीव’ चालवायचा. इंटरनेटवरचं बातम्यांचं पान होतं ते. नळ किती वाजता येणार, कापसाची खरेदी कधी सुरू होणार, कुणाच्या घरी काय झालं, सगळं त्यात असायचं. व्हॉट्सअॅप तेव्हा आमच्या वयाच्या लोकांत आलं नव्हतं. मुलांनी हातात ठेवलेल्या फोनवर आम्ही म्हातारे वाचायचो ते एवढंच. सकाळी चहाबरोबर एकदा, दुपारी एकदा, सांजेला एकदा. ते फुकट होतं. टापरेचं पोट त्यातल्या जाहिरातींवर चालायचं.

आणि त्या सकाळी साऱ्या गावात ज्याच्या दारात जायची मला लाज वाटत होती, तो माणूस म्हणजे टापरे. कारण मी कॉलेजचा निवृत्त ग्रंथपाल शंकर हिरुळकर, आणि ‘गावशीव’च्या जाहिराती बंद करणारा माणूस मीच होतो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्रेसष्ट जणांकडे असले फोन होते. दिवाळीनंतरच्या महिनाभरात मी त्यांच्या घरोघरी गेलो होतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये जाहिराती अडवणारं यंत्र, म्हणजे एक छोटं अॅप, बसवून दिलं होतं, ‘गावशीव’ त्यातूनच उघडेल अशी सोय करून दिली होती. पुस्तकांची दाखल नोंद करावी तशी वहीत एकेकाच्या नावापुढे खूण केली होती. मी चारचौघांत न बोलणारा माणूस. पण फोन हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, “हे बघा, गेली जाहिरात,” असं म्हणायला मला आवडू लागलं होतं. लोक मला चहा देत. “सर, तुम्ही नसता तर आम्ही भोळसटच राहिलो असतो,” म्हणत.

टापरेला ते कळल्यावर तो संघाच्या रविवारच्या बैठकीला आला होता. दाराशी उभा राहून म्हणाला, “काकाजी, तुम्ही वर्तमानपत्र घेता तेव्हा जाहिरातीचं पान फाडून घेता का? माझी बातमी वाचता अन् जिच्यावर ती बातमी जगते तिचे डोळे फोडता. हा कोणता न्याय?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला. पण माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, “वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून झाल्यावर माझ्या मागेमागे घरभर फिरत नाही, टापरे.”

टाळ्या पडल्या. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्या बोलण्याला टाळ्या पडल्याची ती पहिली वेळ. टापरे म्हणाला, “कोणाला कोणती जाहिरात दिसावी ते मी ठरवत नाही, सर. ते वरून, कंपनीकडून येते.” पण टाळ्यांत ते कुणी ऐकलं नाही. तो निघून गेला. पंधरा दिवसांपूर्वीची ही गोष्ट.

आता तो तिचा फोटो संगणकावर घेऊन उजेड कमीजास्त करत होता.

“बातमी नाही लावत, सर,” तो म्हणाला. “पोलिसांत नोंद झाल्याशिवाय हरवल्याची बातमी देत नाही मी. मागे एकदा दिली होती, पोरगी लग्न करून परत आली अन् मार मला पडला. पण ‘हरवल्या आहेत’ अशी जाहिरात घरच्या माणसाच्या शब्दावर देता येते. पेपरवाले तसंच करतात. अन् जाहिरातच बरी. बातमी नवी आली की जुनी खाली जाते. जाहिरात सगळ्या पानांवर, सगळ्यात वर. कुठलंही पान उघडा, काकू पहिले दिसतील.”

“तुमचे उपकार…”

“फोन नंबर तुमचा टाकू?”

“तुमचाच टाका,” मी म्हणालो. “मला अनोळखी माणसाशी फोनवर नीट बोलता येत नाही.”

त्यानं मान डोलावली. “दहा मिनिटांत लावतो. तुम्ही शोधायला लागा. आधी मंदिरं पाहा, विहिरी पाहा, मग स्टँड.”

विहिरी पाहा असं तो किती सहज म्हणाला. मी जिना उतरताना कठड्याला धरून उतरलो.

रामाच्या देवळात ती नव्हती. गजानन महाराजांच्या देवळात नव्हती. मळ्यातल्या दोन विहिरींत मी वाकून पाहिलं. दुसरीत काहीतरी निळं दिसलं. ते खताचं पोतं होतं. अकरा वाजता स्टँडवर आलो. खिडकीतला वाहतूक नियंत्रक म्हणाला, “काकाजी, निळ्या पातळाच्या दिवसाला पाचशे बाया चढतात. गाडी कोणती ते सांगा.” गाडी कोणती ते मला कुठे ठाऊक होतं.

बाकावर बसून मी फोन काढला आणि ‘गावशीव’ उघडलं.

सगळ्यात वर पांढरी चौकट होती. खाली नळाची बातमी. मी बोटानं पान खाली नेलं, वर आणलं. दुसरी बातमी उघडली, तिसरी उघडली. द्वारका कुठेच नव्हती.

लावायची राहिली असेल, मी स्वतःशी म्हटलं. वीज गेली असेल. पाव तासानं पुन्हा पाहिलं. पांढरं. बारा वाजता पाहिलं. पांढरं.

मी फोन करून विचारायला हवं होतं. एवढंच. “टापरे, फोटो लागला का?” चार शब्द. मी त्याचं नाव काढलं, अंगठा त्यावर धरला आणि ठेवून दिला. मला वाटलं, त्यानं मुद्दामच लावला नाही. समोर गोड बोलला आणि मागून उट्टं काढलं. मग वाटलं, आणि काढलं तर काय चुकलं? मी त्याच्या तोंडचा घास काढला, त्यानं माझ्यासाठी का धावावं? आणि विचारलं, आणि तो म्हणाला, ‘हो, नाही लावला, तुम्हाला जाहिराती नको होत्या ना?’ तर मी काय बोलणार होतो? असली भाषणं मनात रचत मी स्टँडवरून दवाखान्यात गेलो, तिथून कालव्यावर. बायको हरवलेली असताना माणूस एका फोनला लाजतो हे कुणाला खरं वाटणार नाही. मी लाजलो.

पोलीस ठाण्यात अंमलदारानं पाणी दिलं. “नातेवाइकांकडे पाहिलं का? भांडण झालं होतं का?” तो म्हणाला. “संध्याकाळपर्यंत वाट पाहा, मग नोंद घेतो.” चार वाजता कालव्याच्या काठानं परत येताना माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं “द्वारके, द्वारके” म्हणत चाललो आहे आणि बायका दारात येऊन बघताहेत.

साडेपाचला नोंद झाली. सहा वाजता मी टापरेचा जिना चढलो. आता मला कुणाचीच लाज उरली नव्हती.

तो फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत होता. “नाही हो, त्या जाड्या नाहीत… बरं, बरं.” मला पाहून त्यानं फोन ठेवला. “तीन फोन आले सर, तिन्ही दुसऱ्याच बायांचे. तुम्हाला काही—”

“टापरे,” मी म्हणालो. “माझ्यावर राग होता तर सकाळी तोंडावर सांगायचं होतं. मी अमरावतीला गेलो असतो, पेपरात दिली असती. दिवस गेला माझा. आख्खा दिवस गेला.”

“काय झालं?”

“तुम्ही फोटो लावला नाही!”

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं पाहिलं. पांढऱ्या चौकटीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं आपल्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

द्वारका होती. सगळ्यात वर, हाताएवढी. ‘हरवल्या आहेत’ असं तांबड्या अक्षरांत, खाली वय, निळं पातळ, ‘घराचा पत्ता सांगता येत नाही’. त्यानं दुसरं पान उघडलं. तिथंही ती होती. तिसरं उघडलं.

“सकाळी दहाला सात मिनिटं कमी होती तेव्हापासून आहे, सर,” तो अगदी हळू म्हणाला. “जाहिरातीच्या जागेत मी काहीही टाकलं तरी तुमचं ते यंत्र त्याला जाहिरातच समजणार. त्याला काय कळते, साबण कोणता अन् काकू कोणती.”

मी खुर्चीत बसलो.

“माझ्या डोक्यातच नाही आलं,” तो म्हणाला. “तुमच्या फोनमध्ये आहे ते ठाऊक असून नाही आलं. किती फोनांत बसवलं होतं तुम्ही?”

“त्रेसष्ट.”

“गावात माणसं ओळखणारे तेवढेच तर आहेत,” तो म्हणाला आणि कपाळाला हात लावला. “पोरं कुठं काकूला ओळखतात?”

मग मला बोलावंसं वाटलं. कुणी विचारलं नव्हतं. “तुमच्या पानावर एक जाहिरात यायची,” मी म्हणालो. “स्मरणशक्ती परत आणणारे थेंब. मी एकदाच फोनवर शोधलं होतं, विसरभोळेपणावर औषध म्हणून. त्यानंतर जिथं जाईन तिथं तीच. मी मागवले. चार महिने चोरून दुधातून दिले तिला. उन्हाळ्यात रक्तदाब पडून ती न्हाणीत कोसळली. डॉक्टर म्हणाले, कोणत्या गाढवानं हे दिलं. मी म्हणालो, ठाऊक नाही.”

टापरे ऐकत होता.

“संघात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की जाहिराती वाईट.”

“सर, वाईटच होती ती,” टापरे म्हणाला. “मला दाखवली असती तर मी ती एक काढायला लावली असती. आता उठा. वही आहे का तुमच्याजवळ, नावांची?”

वही पिशवीतच होती. त्यानं आधी द्वारकेचा फोटो बातमीत घातला, आता नोंद झालीच होती. मग आम्ही दोघं वहीतल्या नावांना फोन लावत सुटलो. मी अनोळखी माणसाशी बोलू न शकणारा, पण ते सगळे ओळखीचे होते. अकरावं नाव भगवंतराव उमाळ्यांचं. निवृत्त पोस्टमास्तर, संघाचे चिटणीस, सगळ्यांत मोठ्या आवाजाचे.

“काय हरवल्या?” ते फोनवर ओरडले. “अहो हिरुळकर, सकाळी वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या! साडेदहाच्या परतवाडा गाडीत! मी अंजनगावला उतरलो, त्या पुढं गेल्या. मी विचारलं, वहिनी, इकडे कुठे? म्हणाल्या, आईकडे चालले. मला वाटलं माहेरी निघाल्या. बायका म्हणतातच तसं. तिकीटही मीच काढून दिलं त्यांचं!”

द्वारकेची आई वारून तेव्हा तीस वर्षं झाली होती.

“तुम्ही गाडीत काय करत होता?” मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही.

“काय करणार? तुमच्या कृपेनं स्वच्छ ‘गावशीव’ वाचत बसलो होतो.”

टापरेनं कुणाची तरी जीप आणली. द्वारकेचं माहेर परतवाड्याचं, पण ते घर कधीच विकलं गेलं होतं. तिथं कापडाचं दुकान झालं होतं. दुकानवाला म्हणाला, एक बाई दुपारी आली होती, पायऱ्यांवर बसून राहिली, उठवली तर चिखलदऱ्याच्या रस्त्यानं गेली. त्या रस्त्याला थंडी कशी पडते हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आमचा पुढला वेळ कसा गेला ते मी लिहीत नाही.

सकाळी आठच्या सुमाराला घाटाच्या पायथ्याशी एका पत्र्याच्या टपरीपुढे टापरेनं जीप थांबवली. चहा करणारी बाई बाहेर आली.

“तुमची हाय का बुढीमाय? पहाटं टपरी उघडाले आली तं अथीसा बाकड्याखाली काकडून पडली होती. गोधडी देल्ली म्या, चहा देल्ला. पेतच नाही. म्हन्ते, माय शेवया करून राहिली, जेवाले घरीच जाईन.”

द्वारका भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर झाले होते. पाय अनवाणी होते. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो, तिचे हात हातात घेतले. ती माझ्याकडे निरखून पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली तेव्हा मला वाटलं, देवानं मला माफ केलं.

“तुम्ही ग्रंथालयातले ना?” ती म्हणाली. “माझ्याकडे तुमचं एक पुस्तक राहिलंय. रागावू नका. मी आणून देते.”

“नाही रागावत,” मी म्हणालो.

अमरावतीच्या दवाखान्यात नवव्या दिवशी ती गेली. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, रात्र बाहेर निघाली नसती तर वाचल्या असत्या.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो.

तेराव्यानंतर संघाची मंडळी भेटायला आली. बैठकीत सतरंजी टाकली होती. मुलगी आत चहा करत होती. वीसेक जण असतील. सगळे फोटोकडे पाहून गप्प बसले होते. तोच फोटो, मोठा करून आणलेला. टापरेही आला होता. उशिरा आला म्हणून दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसला होता.

उमाळ्यांना शांतता सोसत नसे. ते खाकरले.

“माणूस जायचं ते जाते,” ते म्हणाले. “पण काही जीव घातपातानं जातात. मी त्या गाडीत वहिनींच्या शेजारी बसलो होतो. फोन हातात होता. गावशीवच वाचत होतो. त्यात एक अक्षर असतं तर? एक फोटो असता तर? मी त्यांना हाताला धरून घरी आणलं असतं. अकरा वाजता वहिनी घरी असत्या.” ते ढोंगी नव्हते, खरोखर रडत होते. मग त्यांनी दाराकडे बोट केलं. “हिरुळकर सकाळी पावणेदहाला याच्याकडे गेले होते. यानं फोटो लावला संध्याकाळी! मी पाहिला ना. सव्वासहाला लागला. दिवसभर दाबून ठेवला. कशासाठी? आम्ही याच्या जाहिराती बंद केल्या म्हणून! टापरे, आमच्यावर राग होता तर आमच्यावर काढायचा होता. त्या बिचारीनं तुझं काय केलं होतं?”

“अरे राम,” कुणीतरी म्हणालं. दुसरं कुणी म्हणालं, “मीही दुपारी पाहिलं होतं. नव्हताच फोटो.” “माझ्याकडेही नव्हता,” तिसरे म्हणाले. एकेक करत सगळ्यांना आठवू लागलं, की त्यांनी पाहिलं होतं आणि नव्हता.

टापरेनं उमाळ्यांकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं वाट पाहत होता. एक वाक्य होतं. ‘फोटो सकाळपासून होता, मी तुमचे डोळे बांधले होते.’ मला ते नीट रचून ठेवलेलं आठवतं. ते माझ्या जिभेवर होतं. त्याबरोबर दुसरं यायचं होतं, की ती विसरायची हे मी तुमच्यापासून लपवलं. आणि तिसरं, की ते थेंब मी दिले. वीस जोडी डोळे माझ्यावर होते. पूर्वी एकदा ते असेच होते, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

मुलगी तबक घेऊन बाहेर आली.

“चहा घ्या, उमाळे,” मी म्हणालो. “निवतोय.”

टापरे उठला. “येतो, सर,” म्हणाला. चपला घालायला त्याला जरा वेळ लागला. मग तो पायऱ्या उतरून गेला.

त्यानं कुठंही खुलासा केला नाही. पुढं आठवडाभरात गावभर झालं, की टापरेनं हिरुळकर सरांच्या बायकोचा जीव घेतला. आमच्या लोकांनी ‘गावशीव’ वाचणं सोडलं, दुकानदारांनी आपल्या जाहिराती काढून घेतल्या. मार्चमध्ये बातम्या बंद पडल्या. टापरे अमरावतीला एका फ्लेक्स छापणाऱ्याकडे कामाला लागल्याचं कळलं. मी स्वतःला सांगत असे, की मी उमाळ्यांसाठी गप्प आहे. ती शेजारी बसली होती आणि दोघांच्या मधे मी उभा होतो, हे कळून त्या माणसाला काय सुख लागणार? हे खोटं होतं. पण चांगलं खोटं होतं. चार वर्षं पुरलं.

मधे एकदा मी माझ्या फोनातलं ते यंत्र काढलं आणि ‘गावशीव’ उघडलं. बातम्या मार्चच्याच होत्या. वर द्वारका होती. त्या जागेवर दुसरं कुणी आलंच नव्हतं. मी टापरेला फोन लावला.

“बोला, सर,” तो म्हणाला.

पलीकडे छपाईच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“काढू का ते?” त्यानंच विचारलं.

“राहू द्या,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला.

त्यानं ते राहू दिलं. नवी बातमी एक नाही, पण पान मात्र साल दर साल उघडत राहिलं. मी रोज उघडायचो.

दोन हजार अठराच्या दिवाळीत उमाळे गेले. झोपेतच गेले. मी मनाशी ठरवलं होतं, की या दिवाळीला फराळाला गेलो की सांगायचं. मागच्या तीनही दिवाळ्यांना तसंच ठरवलं होतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. घरात त्यांची नातसून होती. लग्न होऊन वर्ष झालेली, नागपूरकडची. तिनं त्यांचा जुना फोन आणून दिला.

“सर, आजोबांच्या फोनमधलं तुम्हालाच कळते म्हणत होते घरचे. काही कामाचं असेल तर पाहता का? मग मी हा मोडीत देते.”

काचेला तडा गेला होता. मी चष्मा कपाळावर सरकवला. ते यंत्र होतं, मी बसवलं होतं तिथंच. मी ‘गावशीव’ उघडलं. वर पांढरी चौकट. गाडीत त्या सकाळी त्यांच्या हातात हीच होती, आणि डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, ती बसली होती.

मी यंत्र काढून टाकलं. पान पुन्हा उघडलं. क्षणभर काहीच नव्हतं, मग वरून खाली, केसांपासून हनुवटीपर्यंत, द्वारका आली.

नातसून माझ्या खांद्यावरून पाहत होती.

“या कोण हो, सर?” तिनं वाकून वाचलं. “हरवल्या आहेत… अगंबाई! मग सापडल्या का?”

तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. ती जरा मोठ्यानं म्हणाली, “चहा ठेवू का, सर?”

“चहा नको,” मी म्हणालो. “तू आधी बस.”